बुचाच्या मापाची मुंबई

आमच्या रामदासाची शपथ सगळ्या लालबागला भोवली. शपथ घेणारा हा एकटा आणि डोकी लोकांची.

नरे पार्कातली संयुक्त महाराष्ट्राची सभा ऐकून आला आणि ताटावर बसायच्या आधीच मला म्हणाला, "आये, मुंबई मिळेपर्यंत एकही कटिंग पुरी करणार नाही. प्रत्येकाच्या डाव्या कानामागं एक झुबका ठेवणार. ती मुंबई. अजून आपल्या ताब्यात नाही, म्हणून तिला कातर नाही."

मला वाटलं, जेवला की उतरेल. पोरगा चार भाकऱ्या जेवला, पण उतरलं नाही.

हे सलून आमच्या ह्यांनी घातलेलं. खुर्च्या दोन, मागं पडदा, पडद्याआड बिऱ्हाड. कटिंग झाली की हे डोळे मिटून गिऱ्हाइकाच्या मानेवरून तळहात फिरवायचे. एक केस टोचला तर पुन्हा खुर्चीत, मग गिरणीचा भोंगा होवो. हे गेले तसं ते काम माझ्याकडं आलं. परक्या पुरुषाच्या मानेला मी हात लावत नाही, पडद्यापाशी बसून नजरेनं पाहते. शाळेत दुसरीपुढं गेले नाही, पण वाकडा कल्ला मला रस्त्यापलीकडून दिसतो.

तर झुबके सुरू झाले. आधी गिऱ्हाईक हसलं, मग मागून घ्यायला लागलं. दुसऱ्या खुर्चीवरचा दत्ताराम डोकी पुरी कापायचा, तर त्याच्याकडं जाईल तो फितूर ठरायला लागला. त्याच्या खुर्चीवर माशा बसायच्या.

माझ्या डोळ्यांना खुपलं ते निराळंच. "काय रे, गणपतची मुंबई लिंबाएवढी आणि शेजाऱ्याची नारळाएवढी? मुंबई एकच ना? ठेवायची तर मापात ठेव!" तेव्हापासून रामदास बाटलीचं बूच लावून झुबका मापायचा. काम एकसारखं दिसायला लागलं.

मग आला निपाणीचा शामराव. आरशात बघून भडकलाच. "मुंबई ठेवलीस, बेळगाव कुठाय? आम्हांला म्हैसूरला देऊन टाकलंस काय?"

रामदासानं मानेवर बेळगाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी कुणी कारवार मागितलं. मग टाळूवर डांग, कपाळाशी उंबरगाव. जो तो आपापला मुलूख घेऊन येई. शेवटी कापायला जागाच राहिली नाही. रामदास हवेत कातर वाजवायचा, मानेला पावडर लावायचा, कोरडा कपडा झटकायचा आणि म्हणायचा, "झालं!" गिऱ्हाईक आरशात बघून मान डोलवायचं.

अशीच कटिंग करून आमच्या चाळीतला बुधाजी काळाचौकीला मुलगी बघायला गेला. मोठ्या मिनतवारीनं जमत आलेलं स्थळ. तासाभरात परत आला, तो थेट माझ्या पडद्यापाशी. डोळे भरलेले.

"काकी, मुलगी बाहेरच आणली नाही. तिचा बाप म्हणाला, लालबागात न्हावी उरला नाही काय? मी म्हटलं, अहो, कटिंग करूनच आलोय. तर म्हणाला, मग डोक्याच्या आतच बिघाड आहे."

खुर्चीशी उभा रामदास म्हणतो, "लग्नाचं काय घेऊन बसलास बुधाजी? आधी महाराष्ट्र!"

मी पडदा सारला आणि भर गिऱ्हाइकांत पुढं आले.

"रामदासा, मुंबई मलाही पाहिजे. मोर्चावर लाठ्या आल्या तेव्हा तू जिन्याखाली होतास, मी रस्त्यावर होते. पण मुंबई दिल्लीवाल्यांनी अडवलीय, बुधाजीनं नाही. तुझ्या बापाच्या दुकानात न्हावी उरला नाही, हे मी आज ऐकलं. आत्ताच्या आत्ता ह्याचं डोकं पुरं काप. मग ह्याच्याबरोबर काळाचौकीला जा, त्या बापापुढं हात जोड आणि सांग, तो न्हावी मीच. त्यानं मुलगी दाखवली तर ही खुर्ची तुझी. नाही दाखवली, तर खुर्ची दत्तारामाची आणि तुला झाडू. आणि मेल्या, केरात केस दिसले पाहिजेत!"