दोन वह्यांतले एक पद

"तुझं यंत्र खोटं बोलतंय," आत्या म्हणाली आणि छापील कागदाची लांब पट्टी तिने माझ्यापुढे टाकली.

"यंत्राला खोटं बोलता येत नाही, आत्या."

"मग तू बोलतोयस. अक्षरांचं गणित त्याला शिकवलं कुणी?"

मीच. वेधशाळेतला संगणक तोवर केवळ आकडे दळत असे. त्या वर्षी सूत्रांतल्या क्ष-य अशा अक्षरांना अक्षरेच ठेवून त्यांचे गुणाकार मांडणारी नवी भाषा आली, आणि तिच्यात नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे. पहिलीच परीक्षा घरच्यांची निघाली. एका लघुग्रहाच्या कक्षेचे सूत्र तिथेच नोकरीला असलेल्या आत्याने आणि तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, अकरा वर्षे हाताने उलगडले होते. तीन हजारांवर पदे, दोन वह्या. दोघांनी वेगवेगळे गणित करायचे, एकमेकांची वही उघडायची नाही. उत्तरे जुळली तरच पद खरे, ही तिथली शिस्त. नवराबायको एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत. काकांना जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि दोघांच्या नावांनी ग्रंथ आता छपाईला निघाला होता. यंत्र म्हणत होते, एक पद चुकले आहे.

"दोन वह्या एक सांगतात आणि तुझं डबडं भलतंच. मी कुणाचं ऐकू?"

मलाही माझ्या नियमांचाच संशय होता. ते नियम ज्यांवर छिद्रांनी उमटवले होते ती कार्डे तीनदा तपासली. आत्या मात्र पेन्सिलीला टोक काढून बसली आणि ते पद पहिल्यापासून मांडू लागली. दुपार कलली तेव्हा तिचा हात थांबला. उत्तर यंत्राचेच आले होते.

तिने स्वतःचे त्या वेळचे कच्चे कागद काढले. सातव्या ओळीत एक वजाचिन्ह गळाले होते. "वेंधळी कुठली," ती स्वतःलाच म्हणाली, जवळजवळ हसली. मग हसू मावळले. तिने काकांची वही ओढली.

"आकड्यांत दोन माणसं एकाच खड्ड्यात पडत नाहीत रे," ती हळूच म्हणाली. "आणि ह्यांच्या वहीत तर तीच चूक आहे."



"ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्या वर्षीचं पान. रोज माझ्याआधी यायचे. म्हणायचे, सकाळचा उजेड बरा असतो." तिने मागची पाने चाळली, पुढची चाळली. खाडाखोड कुठेच नव्हती. "किती पानं असतील?"

ते यंत्रालाही सांगता येणार नव्हते. त्याला चुकलेले पद तेवढे दिसत होते, बरोबर उतरवलेले नव्हे.

दुसऱ्या दिवशी वेधशाळेच्या संचालकांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. "एकच चूक दोघांची? बाई, कुणी कुणाचं पाहिलं?"

"मी," आत्या म्हणाली. "ह्यांच्या वहीतून उतरवलं."

तिच्या अक्षरातले, वजाचिन्ह गळालेले ते कच्चे कागद माझ्या हातात होते. तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. मी ते मेजावर पालथे ठेवले.

संचालकांनी पेन उघडले. मग मुखपृष्ठाच्या नमुन्यावर, काकांच्या नावाखालचे तिचे नाव ते खोडू लागले. रेघ वाकडी जाऊ लागली तेव्हा आत्याने मेजावरची आखणीची पट्टी उचलली आणि त्यांच्या हाताखाली सरळ धरली.