जन्मभराची हमी

छापखान्यावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर दोन सुरया मांडून बसलेले फुंकरबाबा. "फुंका! पोटातला विखार बाहेर काढा!" माणसं गाल फुगवून नळीत फुंकत आणि पेल्यातलं नितळ पाणी दुधासारखं पांढरं होई. मग बाबांची एक पुडी घ्यायची आणि दुसऱ्या सुरईतून भरलेल्या पेल्यात फुंकायचं. आता कितीही फुंका, पाणी नितळच! "सुटलात! जन्मभराची हमी!"

बेकरीवाला धाकटा भाऊही आत्ताच सुटला होता. हॉस्पिटलात पोटात घालायच्या दुर्बिणी धुणाऱ्या त्याच्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या पोटातला जंतू दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी गेला होता. पण जठराचं अस्तर झिजलेलं, काही पेशी बदललेल्या. म्हणून डॉक्टरांनी उद्या पुन्हा दुर्बीण घालून बघायचं ठरवलं होतं. आणि हे महाशय म्हणत होते, येणार नाही.

"ताई, बाबांनी मोकळं केलंय मला."

"हो का? मग पहिल्या सुरईतल्या पाण्यात परत फुंक." बाबा "अहो, अहो" करेपर्यंत तिनं पेला भरलासुद्धा. भावानं फुंकलं. पांढरं!

"हिच्या शंकेनं विखार परतला!" बाबा गरजले.

"मग तुम्ही फुंका."

बाबांनी नळी दूर सारली. ताईनं स्वतःच फुंकलं. पुन्हा पांढरं.

"ही चुन्याची निवळी आहे. कुणाच्याही श्वासानं पांढरी होते. दुसऱ्या पेल्यात साधं पाणी."

हॉलमध्ये हशा पिकला. बाबांनी सुरया आवरायला घेतल्या. पण भावानं खिशातून कागद काढला. "हा तर खोटा नाही ना? जंतू नाही, असं तुमच्याच हॉस्पिटलनं लिहिलंय. मग उद्या कशाला?"

"खरंच की," चार जण म्हणाले.

ताईनं कपाळाला हात लावला. बाबाला पकडणं सोपं होतं, या कागदाचं काय करायचं?

"अरे, भट्टीतली आग छताला लागली आणि विझली, तर जळकी तुळई बघशील की नाही? कॅन्सरचा धोका कमी झालाय, संपलेला नाही. लवकर सापडलं तर काढता येतं. उशिरा आलेली माणसं मी रोज बघते रे. त्यांच्यात तू नको आहेस मला."

भावानं कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. "किती वाजता?"

"आठला. उपाशी ये."

मग ती गर्दीकडे वळली. "हमी कुणीच देऊ शकत नाही. बाबाही नाही, गोळ्याही नाहीत. डॉक्टरांनी परत तपासायला बोलावलंय, असे कितीजण आहात? हात वर करा."

हळूहळू सात हात वर आले.

"मग इथं काय करताय?"