‘नाय लागलं’ म्हणणारी माणसं

मुलगी बघायला रघुवीर गुप्ते गिरगावात गेला तेव्हा त्याच्या नाकावर पट्टी होती, डावा डोळा वांग्यासारखा झाला होता, आणि पोहे उजव्या बाजूनंच चाव असं आईनं त्याला जिन्यातच बजावलं होतं.

परळच्या एका गिरणीत तो कारकून होता आणि रविवारी चाळीच्या फुटबॉल टीमचा गोली. मुलीचे वडील अप्पा टिपणीस सरकारी कचेरीत हेडक्लार्क. हातात आलेला कागद फाटका असेल तर कुठं कुठं फाटलाय हे आधी बघायची त्यांची सवय, त्यामुळे त्यांनी रघुवीरचा चेहरा वरपासून खालपर्यंत निवांत वाचून काढला.

“कुणी मारलं?”

“मारलं नाही कुणी. सेमीफायनल होती.”

“आणि फायनल कधी आहे?” अप्पांनी विचारलं. “म्हणजे लग्नाची तारीख तिच्या आधीची धरायला. नंतर फोटोत काय उरेल कुणास ठाऊक.”

पोह्यांची बशी पुढं करणारी पद्मजा हसली. तिचं हसू रघुवीरला इतकं आवडलं की तोही हसला, आणि ओठाचा टाका उसवला.

अप्पांनी लगेच निकाल दिला. मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं ओळखीतली. पण फुटबॉल बंद. त्यांना जावई एकगठ्ठा हवा होता, हप्त्याहप्त्यानं कमी होणारा नको होता.

रघुवीर ‘बरं’ म्हणणारच होता. तेवढ्यात त्याची नजर खिडकीतून खाली गेली. चाळीच्या चौकात हिरव्या रंगाची एक दणकट मोटारसायकल उभी होती, शेजारी बसायला साइडकार जोडलेली. गोऱ्या पलटणीनं लढाई संपल्यावर भंगारात काढलेला माल.

“ती कुणाची हो?”

“माझी,” अप्पा म्हणाले आणि बसल्याजागी दोन इंच उंच झाले. एरवी धोतर, कोट, काळी टोपी या वेषात कचेरीत जाणारा हा बावन्न वर्षांचा गृहस्थ वर्षातून एकदा हाफपँट चढवून वडाळ्याच्या मिठागरात चिखलातल्या शर्यतीत उतरत असे. तिथं रस्ता नसतोच. खड्डे, बांध, गुडघाभर चिखल, आणि त्यातून गाड्या दामटायच्या.

“त्यात नाही का लागत कुणाला?” रघुवीरनं सरळ मनानं विचारलं.

“कसं लागेल? तीन चाकं आहेत, इंजिन आहे, ब्रेक आहे. अक्कल लावून चालवायची वस्तू आहे ती. तुमच्यात आहे काय? एक चामड्याचा गोळा, आणि बावीस जण त्याच्या मागं लाथा झाडत धावतायत.”

“लाथा बॉललाच मारतो आम्ही.”

“मग हे नाक काय बॉलचं आहे?”

हे असंच दिवे लागेपर्यंत चाललं असतं. पण पद्मजा बशा उचलता उचलता म्हणाली, “मग मोजा की. या रविवारी ह्यांची मॅच, पुढच्या रविवारी तुमची शर्यत. जिथं जास्त माणसांना लागेल तो खेळ बंद.”

मोजणं, तक्ता, तुलना हे शब्द कानावर पडले की अप्पांना जेवल्यासारखं वाटे. त्यांनी तिथल्या तिथं नियम केले. फुटबॉल हरला तर फुटबॉल बंद आणि मग लग्न. मोटारसायकल हरली तर मोटारसायकल बंद आणि तरीही लग्न. बरोबरी झाली तर फुटबॉल बंद.

“बरोबरीत आमचंच का?” रघुवीर म्हणाला.

“मुलीचा बाप मी आहे,” अप्पा म्हणाले.

मोजणारा माणूस दोघांनाही पटणारा हवा होता. तो होता परळचा कोंडीराम. दिवसा गिरणीत साचे चालवायचा, संध्याकाळी हाडं बसवायचा. परळातला असा एक खांदा नव्हता ज्याची आणि त्याची ओळख नाही. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला होता आणि तेव्हापासून खोटं बोलणं त्यानं कडेकोट बंद केलं होतं. गिऱ्हाइकाला ‘दुखणार नाही’ असंसुद्धा म्हणायचा नाही.

“मोजतो,” तो म्हणाला. “पण मी पंचशील घेतलंय, अप्पासाहेब. माझ्या अंदाजानं काय लिहिणार नाय. माणसाला विचारणार, लागलं का? तो लागलं म्हणला तर लागलं. नाय म्हणला तर नाय.”

अप्पांनी या नियमावर सही केली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून झालेली ही पहिली घोडचूक. त्यांना परळ माहीत नव्हतं.

मॅचच्या मैदानावर आदल्या दिवशीच समितीची सभा झाली होती, त्यामुळे मांडव तसाच उभा होता आणि गोलचा एक बांबू मांडवाला गेला होता. लोकही कालचेच वाटत होते. काल ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणून बसलेले घसे आज ‘गोल झालाच पाहिजे’ म्हणत होते. अप्पा रेषेला लागून खुर्ची टाकून बसले. शेजारी पद्मजा आणि मांडीवर वही घेतलेला कोंडीराम.

पाचव्या मिनिटाला जयवंतच्या तोंडावर कुणाचं तरी कोपर बसलं. तो खाली वाकला, काहीतरी थुंकला, उचललं आणि खिशात टाकलं. कोंडीराम धावत गेला.

“लागलं का रे?”

“नाय लागलं.”

कोंडीराम परत येऊन बसला. वही कोरी.

“अहो, त्याचा दात त्याच्या खिशात आहे,” अप्पा म्हणाले.

“आहे ना. मी बघितला. अक्कलदाढ नाय, पुढचा आहे.”

“मग लिहा.”

“तो नाय म्हणतोय.”

मग भिवाच्या अंगठ्याचं नख गेलं. “नाय लागलं. जुनंच होतं ते.” मग चिंतामणी बॉलकडं बघत बघत सरळ मांडवात शिरला आणि खांबासकट बाहेर आला. डोक्यावर लिंबाएवढं टेंगूळ. लागलं का विचारल्यावर म्हणाला, “खांबाला विचारा.” कोंडीरामनं खांबाकडं एकवार बघितलं, पण खांबाचा माणसांत समावेश नव्हता. रघुवीरनं एक गोल चक्क तोंडानं अडवला. बॉलच्या लेसची नक्षी कपाळावर उमटली, नाकातून धार लागली. “नाय लागलं,” तो म्हणाला आणि पद्मजाकडं बघून हसायला गेला. तेवढं मात्र जमलं नाही.

परळच्या मातीत हे असंच होतं. माणूस तिसऱ्या मजल्यावरून पडला तरी खाली जमलेल्यांना ‘नाय लागलं’ म्हणायचा आणि कपडे झटकायचा. तसं म्हटलं नाही तर पुढं सात वर्षं नाक्यावर नाव निघायचं.

अप्पांच्या डोळ्यांदेखत अर्धी टीम मोडली आणि तक्ता शून्यावर. त्यांचा चेहरा पडत चालला. शेवटची दोन मिनिटं उरली असताना रघुवीरनं बॉल पुढं ठेवला आणि जीव खाऊन लाथ घातली. बॉल तिरका उडाला आणि अप्पांच्या गालावर जाऊन बसला. खुर्ची उलटली, छत्री उघडली, टोपी मांडवावर गेली.

“लागलं,” जमिनीवरून अप्पांचा आवाज आला. “आई गं. लागलं हो. कोंडीराम, लिहा. लिहिलं का?”

“लिहिलं. एक.”

सुजलेला गाल हातात धरून इतका सुखी झालेला माणूस परळानं त्याआधी पाहिला नव्हता. रघुवीर गोलमध्ये डोकं धरून बसला. आपल्याच पायानं आपला फुटबॉल उडवला होता. आता शर्यतीत दोन जणांनी ‘लागलं’ म्हटल्याशिवाय सुटका नव्हती.

पुढच्या रविवारी वडाळ्याला सगळी टीम आली, पट्ट्यांसकट. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच बांधावर एक पारशी बावा गाडी सोडून आभाळात गेला आणि खाजणात उतरला. चिखलातून फक्त त्याच्या मिश्या दिसत होत्या. कोंडीरामनं काठावरून विचारलं, “लागलं का?”

“कंई नथी वाग्युं,” मिश्या म्हणाल्या.

“वाघ? मिठागरात?”

“लागलं नाही म्हणतायत ते,” पद्मजानं सांगितलं.

अशा सात गाड्या उलटल्या. कुणी लंगडत, कुणी एका हातानं हँडल धरून परत चढला. लागलं कुणालाच नव्हतं. रघुवीरला पहिल्यांदाच कळलं की परळ वडाळ्यापर्यंत पसरलेलं आहे.

मग साइडकारवाल्यांची पाळी आली. साइडकारमध्ये बसणाऱ्यानं वळणावर बाहेर लोंबकळून तोल राखायचा असतो. ते काम अप्पांचा पुतण्या हेरंब करायचा. पण हेरंब दोन दिवसांपूर्वी मोर्च्यात पकडला गेला होता आणि कोठडीतून त्यानं निरोप पाठवला होता की इथं जेवण बरं आहे, शर्यतीचं तुम्ही बघा.

“मग मी काही उतरत नाही,” अप्पा समाधानानं म्हणाले. “तक्ता आहे तसा राहू दे. एक विरुद्ध शून्य.”

रघुवीर पुढं झाला. “मी बसतो.”

“तुम्हाला येतं?”

“वळणावर बाहेर पडायचं ना? माझं आयुष्य पडण्यातच गेलंय.”

अप्पा गाडी चालवायला लागले की त्यांच्यातला हेडक्लार्क काठावरच राही. पहिलं वळण त्यांनी असं घेतलं की रघुवीरचे केस चिखलात भिजले. दुसऱ्याला तो योग्य बाजूला लोंबकळला. तिसऱ्या वळणावर अप्पा ओरडले, “डावीकडं,” आणि रघुवीरनं गोलीच्या सवयीनं समोरून काहीतरी येतंय असं समजून उजवीकडं सूर मारला. अप्पांच्या अंगावर. गाडीनं दोघांचंही मत बाजूला ठेवलं, बांध ओलांडला आणि मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशीत दोघांना सोडून दिलं. लोक जखमेवर मीठ चोळतात. इथं जखमांनाच मिठाकडं पोचवण्यात आलं होतं.

सगळे धावले. रघुवीर उठून बसला. उजवा खांदा त्याच्या ओळखीच्या जागी नव्हता. सगळं अंग चुरचुरत होतं. समोर टीमचे दहाजण उभे, पलीकडं पद्मजा, आणि मधे वही घेऊन कोंडीराम.

“लागलं का?”

“नाय ला…” जिभेनं आपणहून सुरुवात केली. रघुवीरनं दात आवळले. ‘लागलं’ म्हटलं तर बरोबरी तरी होत होती, आणि मग अप्पांच्या एका शब्दाचाच प्रश्न उरत होता. पण जयवंत, भिवा, चिंतामणी, सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. हा शब्द एकदा तोंडातून गेला की परळात गोलमध्ये कुठल्या तोंडानं उभं राहायचं? त्यानं पद्मजाकडं बघितलं. ती नुसती उभी होती, पदराचं टोक चावत.

“लागलं,” तो म्हणाला. “पुष्कळ लागलं, कोंडीराममामा. आई गं.”

जयवंतनं तोंड फिरवलं. चिंतामणी हळूच म्हणाला, “बोलला रे. रघ्या बोलला.” त्याच्या आवाजात थोडा हेवा होता.

“माणूस फुटबॉलचा, हाड मोटारसायकलचं,” म्हणत कोंडीरामनं पेन्सिल जिभेला लावली. “एक विरुद्ध एक. आता अप्पासाहेब, तुमचं?”

अप्पा गाडीला टेकून एका पायावर उभे होते. हाफपँटखाली दोन्ही गुडघे सोललेल्या बटाट्यासारखे, त्यावर मीठ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“नाही लागलं,” ते म्हणाले.

“दुसरा पाय टेकवून दाखवा.”

“गरज नाही. बरोबरी झाली. फुटबॉल बंद.”

दहा तोंडं एकदम उघडली. पण त्यांतून आवाज फुटायच्या आधी रघुवीर म्हणाला, “राहू दे मामा. ते नाही म्हणतायत तर नाही. सोडला फुटबॉल.” आणि तो मिठातच बसून राहिला.

कोंडीराम वहीत लिहायला वाकला. पेन्सिल कागदाला टेकली. अप्पा तिच्याकडं बघत राहिले. आपल्या सांगण्यावरून एका तक्त्यात खोटी नोंद होतेय हे दृश्य त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांना गुडघ्यांपेक्षा जास्त झोंबलं.

“थांबा,” ते म्हणाले. “लिहा. लागलं. दोन्ही गुडघे.”

“दोन धरू की एक?”

“माणूस एकच आहे. नियमाप्रमाणं एक.” मग मटकन खाली बसत ते म्हणाले, “मोटारसायकल बंद.”

कोंडीरामनं वही मिटली. “माझं विचाराल तर दोन्ही सारखंच. फुटबॉल माणसाला रोज थोडं थोडं खातो. ही वर्षात एकदाच जेवते, पण पोटभर.” आणि बोलता बोलता त्यानं रघुवीरचा हात स्वतःच्या उपरण्यानं त्याच्या छातीशी बांधून टाकला. “गळ्याचं हाड आहे. ते इथं माझ्यानं बसायचं नाय. परळला इस्पितळात न्या. तीन महिने बॉलला शिवायचं नाय.”

जिंकलेला फुटबॉल तीन महिने लांब गेला. पण आत्ता प्रश्न परळ लांब असण्याचा होता. मिठागरात टॅक्सी येत नव्हती. दोघांना उचलून न्यायचं तर टीममध्ये दोन धड हात असलेला कुणी नव्हता. गाडी तेवढी उभी होती, एका लढाईतून वाचलेली, हीही पचवून. पण अप्पांनी शब्द दिला होता.

पद्मजानं पदर खोचला आणि अप्पांपुढं हात केला. “किल्ली.”

“तुला कुठं येते?”

“चार वर्षं शेजारी बसून बघतेय. आणि अप्पा, बंद तुम्ही केलीत. मी कुठं केलीय?”

अप्पांनी नियम मनातल्या मनात पहिल्यापासून वाचून पाहिले. मुलीविषयी एकही कलम नव्हतं. त्यांनी किल्ली दिली. टीमनं त्यांना साइडकारमध्ये ठेवलं आणि रघुवीरला मागच्या सीटवर चढवलं. तिसऱ्या किकला इंजिन फुटाण्यासारखं तडतडलं.

“धरून बसा,” ती मागं न बघता म्हणाली.

रघुवीरनं डाव्या हातानं सीटखालची स्प्रिंग धरली.

“तिथं नाही. पडाल.”

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. अप्पांनी ताबडतोब मान वळवली आणि मिठाच्या राशी मोजायला घेतल्या.

वाटेतल्या लाकडाच्या वखारी मागं पडल्या तेव्हा तिनं वेग जरा कमी केला. “तुमच्या चाळीत जिन्याखाली जागा आहे का?”

“कशाला?”

“ही ठेवायला. लग्नानंतर.”

खांदा ठणकत होता, अंगभर मीठ चुरचुरत होतं. “जागा आहे,” रघुवीर म्हणाला. “तिथं सध्या गोलचे बांबू ठेवतो आम्ही. जरा सरकवावे लागतील.”

“जरा नाही,” साइडकारमधून अप्पा म्हणाले. “साडेपाच फूट लागतात. मी मापून देतो.”