दीपगृहाच्या वाटेवरचा सांधा

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. हाडांचा नव्हे, रुळांचा. शहरातून टेकडीवरच्या दीपगृहाकडे रेल्वेचे दोन मार्ग जातात, एक चढणीचा आणि एक उतरणीचा. गाडीला एकावरून दुसऱ्यावर नेणे हे माझे काम. माझी पोलादी पाती हातदांड्याने सरकतात.

मला बसवले तेव्हा दीपगृह पाहायला रीघ लागे आणि मला दिवसभर उसंत नसे. पुढे वेळापत्रक बदलले, माझ्यावाचून कोणाचे अडेना. तरी रुळांची देखभाल करणारी मुकादम बाई दर आठवड्याला येऊन मला इकडून तिकडे करी. "बसून राहिलास तर कायमचा बसशील," ती म्हणे.

यंदा ती मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेली आणि इकडे सुशोभीकरण निघाले. हुकूम होता, प्रवाशांच्या नजरेला पडेल ते सारे रंगवा. रंगारीकाकांनी कठडे रंगवले, बाक रंगवले आणि मलाही रंगवले; पात्यांच्या फटीत ब्रश घालून, अगदी मनापासून. लोक माझे फोटो काढू लागले. रंग वाळला आणि मी जागीच चिकटलो.

बाई कामावर परतली त्याच दुपारी माझ्या खालच्या अंगाला उतरणीच्या मार्गावर भिंत कोसळली. गाडी वरच अडकली. वर बाईची नणंद होती. ती पर्यटकांना दीपगृह दाखवते. त्या दिवशी तिच्याबरोबर चाकांच्या खुर्चीतले आजी-आजोबा होते. गाडीखेरीज खाली यायला फक्त उभ्या चढाच्या पायऱ्या.

तिचा फोन आला. "वहिनी, एका आजोबांचा ऑक्सिजन संपत आलाय. पायऱ्यांवरून उचलून आणू का?"

"धक्का लागला तर? गाडीत बसव सगळ्यांना. मी त्यांना चढणीच्या मार्गावरून खाली आणते."

बाईने दांडा ओढला. मी हललो नाही.

"याला नवरदेव कोणी केला?"

"मीच," रंगारीकाका पुढे झाले. "साहेब छान म्हणाले होते."

"छानच दिसतोय. आता उतरवा शृंगार."

काकांनी टर्पेंटाइन ओतले, दोघांनी गुडघे टेकून रंग खरवडला. काकांची बोटे सोलवटली. "राहू द्या, रूळ-कामगारांची गँग येतेय," बाई म्हणाली.

"गँग येईपर्यंत आजोबा थांबतील का? ओढा तुम्ही."

बाईने दांडा ओढला, पुन्हा ओढला. मीही ठरवले होते, आज सरकायचेच. पाते कुरकुरले आणि सुटले.

"वहिनी, सोडायला सांगू का गाडी?" नणंदेने फोनवरून विचारले.

"थांब. पाते आणि रूळ यांत नखाएवढी फट आहे अजून, चाक घसरेल."

ती फट मिटेपर्यंत बाईने गाडीला हिरवा झेंडा दाखवला नाही. मग गाडी पावलापावलाने माझ्यावरून गेली. खाली रुग्णवाहिका उभीच होती. आजोबांना नवा सिलिंडर वेळेत लागला. भिंत बांधून होईपर्यंत दीपगृहाची गाडी रोज माझ्यावरूनच ये-जा करत राहिली.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी पडून असलेली लिफ्ट असेल, कधी न उघडलेले दार असेल. आजच जाऊन ते चालते का पाहा. त्याची गरज पडेल त्या दिवशी पलीकडे कोणीतरी अडकलेले असेल.