आष्टीच्या रस्त्याला नरम हवा

"चाकं खाल्ली हिनं, आबा. बघा!" कल्याण कारपाशी उकिडवा बसून बायकोकडं बोट करत म्हणाला. "वळणावर गाडी फेकती, दुसरं काय! आता चावी माझ्यापाशी. बसनं जायचं."

बद्रीनाथ आबांनी वाकून पाहिलं. टायरच्या कडांची नक्षी पुसट झाली होती.

ती, साधना, आष्टीच्या दवाखान्यात नर्स होती. तिची ड्यूटी सुटायच्या आधीच घरी, वाटूरला येणारी शेवटची बस निघून जायची. चावी गेली म्हणजे नोकरी गेली, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

साधना भांडली नाही. पदर खोचून खाली बसली आणि एकेका चाकावरून सावकाश तळवा फिरवू लागली. पेशंटचं पोट तपासावं तसा. आबांनी जन्मभर ट्रॅक्टर हाकला होता, पण चाकाला असं विचारताना कुणाला पाहिलं नव्हतं.

"फेकून चालवली असती तर बाहेरचीच कड जास्ती गेली असती," ती उठत म्हणाली. "इथं चारी चाकांच्या दोन्ही कडा गेल्यात अन् मधली नक्षी शाबूत हाय. हवा कमी असली की सगळा भार कडांवर येतो."

"हवा कमी? दर रविवारी आबा सोता भरून आणतेत. आबाला हवा कळत न्हाई म्हणती का?"

"मी आबांचं नाव घेतलं का? आता चाकं गरम हायेत, हवेचा काटा जास्ती दाखवील. सकाळी मोजू."

फाट्यावरच्या हवावाल्याला आबाच दर खेपेला सांगत आले होते, 'नरमच ठिव.' काळ्या रानात ट्रॅक्टरचं चाक नरम असलं की माती धरतं, ही त्यांची जुनी सवय. शिवाय आष्टीच्या रस्त्याला खड्डे. दिवसभर उभी राहणारी सून, तिच्या पाठीला हिसके नकोत. आणि मागच्या रविवारी साधना गाडीतच बसलेली होती. तिनं ऐकलं होतं. एका वाक्यात तिची चावी वाचली असती.

सकाळी तिनं गाडीच्या दाराआड चिकटवलेली हवेच्या मापाची पट्टी वाचली, मग काटा लावला. चारही चाकांत हवा पट्टीवरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी.

"मंग त्या हवावाल्यानं फसवलं," कल्याण उसळला. "बघतोच त्याला!"

"त्याचा काय गुन्हा?" आबा म्हणाले. "नरम ठिव म्हणून मीच सांगत होतो. हिच्या पाठीसाठी."

कल्याण बघतच राहिला. "आबा, कार हाय ही! नांगर वढायचाय का हिनं?" मग त्याला स्वतःचंच बोलणं आठवलं. खिशातून चावी काढून त्यानं गुपचूप बायकोपुढं धरली.

"तू तर ऐकल्तं," आबा सुनेला म्हणाले. "बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलणार होते की," साधना हसली. "पंप आणता का?"

आबांनी पायपंप आणला. दवाखान्यात लोक हिच्यासाठी खोळंबतात, ते उगाच नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"काटा तू बघ. पाय मी मारतो."

ते जोरजोरात पाय मारू लागले. शेवटच्या चाकाला ती म्हणाली, "बस, आबा. बराबर झाली."

आबांनी उचललेला पाय तसाच वर धरला.