कारणाचा रकाना

"अंगठा टेका, मावशी." आरोग्य उपकेंद्राच्या मोहनरावांनी फॉर्म पुढं सरकवला.

मनकर्णानं हात पदराखालीच ठेवला. "आधी वाचून दावा."

नाव: ठेवलेलं नाही. (बारसं आज व्हायचं होतं.)

वय: नऊ दिवस.

कारण: नैसर्गिक.

सोमवारी तापानं फणफणलेली नात छातीशी धरून ती उपकेंद्रावर गेली होती. दाराला कुलूप. मोहनराव फोनवर 'येतोच' म्हणाले, म्हणून पायरीवर बसली. दुपारी मांडीवरचं अंग गार पडलं.

यात निसर्ग कुठं आला?

आज तिच्या घरापुढच्या अंगणात माणसं होती. पोथी वाचणारे सुंदरराव म्हणाले, "सटवाईनं पाचवीलाच लिव्हलेलं असतंय. आपुन कोन बदलनार?"

"आमच्यात बी अल्लानं आधीच लिव्हलेलं असतंय," शेजारची खातूनबी म्हणाली. तीन दिवस भाकरी तिच्याच घरून येत होती. "पन कुलूप अल्लानं न्हाई लावलं, अक्का."

बौद्धवाड्यातला आसाराम भिंतीला टेकून होता. "आमच्यात लिव्हनारा कुनी न्हाईच. जे होतंय त्याला कारन असतंय, येवढंच."

"मंग तेच लिव्हा की," मनकर्णा म्हणाली. "मोहनराव, कुठं गेलता सोमवारी?"

मोहनरावांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "नशिबापुढं कुणाचं चालतंय, मावशी?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. कुलूप लावायला माणूस, आणि निस्तरायला देव.

ती आत गेली. पेटीतून कागद काढला. पाचवीच्या पूजेला पेनाशेजारी ठेवलेला, सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून. कडेला हळदीचं बोट.

"बगा, सुंदरराव. एक अक्षर न्हाई." तिनं कागद सुनेपुढं धरला. "वर्षा, तू धावी शिकलीस. लिव्ह."

वर्षाराणीनं मोहनरावांच्या हातातलं पेन घेतलं. लिहिलं: 'सोमवारी उपकेंद्राला कुलूप होतं.' अक्षर शाळेतल्यासारखं वळणदार.

मनकर्णानं खाली अंगठा टेकला. "हे जोडा. घेतला म्हनून शिक्का मारा."

"असला कागद चालत नाही, मावशी."

"सटवाईला चालतोय. तुमाला न चालायला काय झालं?"

कुणी उठेना. मोहनरावांनी पिशवीतून शिक्का काढला. तो नेमका हळदीवर पडला.

पेन अजून वर्षाराणीकडंच होतं. तिनं फॉर्म ओढला, 'ठेवलेलं नाही' वर काट मारली आणि शेजारी काहीतरी लिहिलं.

"काय लिव्हलंस?" मनकर्णानं विचारलं.

वर्षाराणीनं सासूच्या कानाशी तोंड नेलं, बारशाला बाळाच्या कानाशी नेतात तसं.