तोंडातली चूक

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि नागरिकत्वाच्या मुलाखतीला पाचच दिवस उरले होते, तेव्हा आमच्या गादीवाल्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

गादीवाला म्हणजे सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवणारा कारागीर. गडी परदेशातून आलेला, बायको मात्र इथलीच, शहर-बसची ड्रायव्हर. तिच्याशी लग्न झालं म्हणून तर त्याला इथे राहता येत होतं. आता पक्कं नागरिकत्व हवं, तर सरकार दोघांना वेगवेगळं बसवून विचारणार होतं, की बाबांनो, हे लग्न खरं की नुसतं कागदापुरतं? वकिलाने प्रश्नांची यादीच दिली होती. सासूबाईंना सगळ्याची गंमत वाटायची. "लोक घरजावई होतात, आमचे जावईबापू सरकारचे जावई होणार!"

बायको ड्युटीवरून आली की यादी घेऊन बसायची. माझ्या टूथब्रशचा रंग कोणता? याने ठोकून दिलं, हिरवा. होता जांभळा. मला ऍलर्जी कशाची? "आवाज चढवायची नाही, एवढं नक्की."

"परीक्षा माझी आहे की तुझी?" ती कडाडली.

आता कामावर हा माणूस दिवसभर तोंडात चुका धरतो. चुका म्हणजे ते बारीक खिळे हो, एकेक जिभेने पुढे सरकवायचा आणि हातोडीने ठोकायचा. त्यामुळे तो कुणाला वावगं बोलतच नाही, बोलणार कसा? त्या संध्याकाळी तोंड रिकामं होतं, आणि त्यातून नको ती चूक बाहेर पडली.

"जाऊ दे ना! कागदासाठीच लग्न केलं असं समज!"

तिने उठून यादीची घडी घालून खणात ठेवली. आणि घरात अबोला सुरू झाला.

तसं बोलणं चालू होतं, फक्त 'तू' बंद झाला. "कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर आहे," ती खिडकीला सांगायची. "कुणाचं तरी जॅकेट उसवलं होतं, शिवून ठेवलंय," हा फ्रीजला सांगायचा. माफी मागायला त्याने तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा कुणीतरी उठून बाथरूममध्ये गेलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, मुलाखतीला जाताना तरी एकमेकांकडे बघा!"

कचेरीत आधी तिला आत बोलावलं. हा बाहेर बाकावर. बाकाचं रेक्झिन कोपऱ्यात फाटून स्पंज वर आला होता. एरवी याचे हात शिवशिवले असते, आज नजर बंद दारावरून हलत नव्हती. तिने ते एक वाक्य सांगितलं की सगळं संपलं. आणि सांगितलं तर तिचं काय चुकलं? बोलला तर तोच होता. देश सुटेल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती होती, बायको सुटेल ही.

मग त्याला आत घेतलं. अधिकारीण बाईंनी विचारलं, "बायकोशी शेवटचं बोलणं काय झालं?"

यादीतलं उत्तर तोंडपाठ होतं. पण जीभ वळेना.

"पाच दिवस ती माझ्याशी बोलत नाहीये. चूक माझीच आहे. रागाच्या भरात म्हणालो, कागदासाठीच लग्न केलं असं समज. तसं नाहीये हो. पण म्हणालो खरं."

बाईंचं पेन थांबलं. "तुमच्या बायकोने सांगितलंय, काल तुम्ही भाजीची स्तुती केलीत आणि दोघं खूप हसलात."

"काल? काल भाजी खारट होती."

झालं! बाईंनी तिला परत बोलावलं आणि दोघांना शेजारी-शेजारी बसवलं. "खोटं कोण बोलतंय?"

"कुणालातरी सगळं ओकायची घाई झाली," ती कॅलेंडरला म्हणाली.

"कुणीतरी भाजीबद्दल थाप मारली," हा टेबलाला म्हणाला.

"खारट होती, तर कुणीतरी दोनदा वाढून का घेतली?"

"उरली असती तर कुणालातरी आणखी वाईट वाटलं असतं."

"हे कुणीतरी म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

बाई तिच्याकडे वळल्या. "कागदासाठी लग्न केलं, असं हे म्हणाले होते?"

"म्हणाला होता."

"मग लपवलंत का?"

"वा! का म्हणजे?" ती उसळली. "भांडण माझं त्याच्याशी आहे, तुमच्याशी नाही! घालवायचा असेल तर मी घालवीन त्याला. तुम्ही कोण घालवणार?"

बाईंनी ओठ दाबून धरले, तरी हसू फुटलंच. "आमच्या घरीही एक कुणीतरी आहे," त्या म्हणाल्या. "परवापासून भिंतीशी बोलतोय. कागदापुरती लग्नं केलेली जोडपी रोज येतात इथे, पण त्यांची भाजी कधी खारट होत नाही." आणि त्यांनी शिक्का उचलून मारला. "मंजूर. यापुढे मात्र सरकारला खोटं सांगायचं नाही. भाजीबद्दलसुद्धा."

जिना उतरताना गादीवाल्याने हातातला कागद दोनदा उलगडून पाहिला. सुटलो एकदाचे, असं वाटत होतं आणि पुरतं वाटतही नव्हतं.

फुटपाथवर ती थांबली. "कागद दे इकडे. तू हरवशील."

त्याने मागे वळून पाहिलं, कुणाशी बोलतेय ही? मागे कुणीच नव्हतं.

"तू म्हणालीस मला."

"मग काय, खांबाला म्हणू?" तिने कागद नीट पर्समध्ये ठेवला. "आणि यापुढे घरीसुद्धा तोंडात चुका धरत जा."

"जांभळा," तो म्हणाला.

"काय?"

"टूथब्रश. जांभळा." एवढं बोलून तो भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागला, आणि ती त्याचा दंड धरून बसस्टॉपकडे चालू लागली.